खोट्या घरट्याची राखण

१

बाईंच्या गाडीत मागे कायम एक झाकणाची बादली असायची. बादलीत पातळ कालवलेला चुना. शेजारी गोणी, आणि गोणीत कोंबडीच्या दुकानातून गोळा केलेली पांढरी पिसं. कोणी विचारलंच तर बाई सांगत, “बागेला घालते.” बाग त्यांच्याकडे नव्हती, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि खिडकीत एक वाळलेली कुंडी. पण खोटं बोलणं हा त्यांच्या कामाचा भाग होता, आणि कामात त्या कुणाला हार जात नसत.

काम राखणीचं. पक्षीसंरक्षणाच्या कार्यालयात आधी त्यांना ‘राखणीच्या बाई’ म्हणत, मग नुसतंच ‘बाई’ राहिलं. त्या सगळ्या भागात मोठ्या ससाण्याची एकच जोडी उरली होती. दगडाच्या जुन्या खाणीमागे कडा होता, त्या कड्याच्या एका कपारीत ती जोडी अंडी घालायची. ससाणा काड्या आणून घरटं बांधत नाही. कपारीतली खडी छातीने जराशी उकरली, की झालं त्याचं घर. हे घर कुठे आहे ते तिघांनाच ठाऊक होतं: बाईंना, कार्यालयाच्या साहेबांना, आणि पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणाऱ्या सहकाऱ्याला. त्याला सगळे कडीवालाच म्हणत.

बाकीच्या जगाला ठाऊक असलेलं घरटं वेगळं होतं. शहराच्या कडेला रंगाचा एक कारखाना बंद पडला होता. त्याच्या आवारात पाण्याचा उंच टॉवर होता. घरटं त्या टॉवरवर आहे, अशी आवई बाईंनी उठवली होती, आणि नुसती उठवून त्या थांबल्या नव्हत्या. रोज सकाळी खाणीकडे जाण्याआधी त्या कारखान्याच्या मागच्या फाटकातून आत शिरत. टॉवरच्या आतून लोखंडी शिडी होती आणि अर्ध्यावर एक खिडकी. तिथवर चढून त्या लांब दांड्याच्या ब्रशने बाहेरच्या भिंतीवर चुन्याचे ओघळ सोडत. बघणाऱ्याला वाटावं, वर पक्षी बसतोय आणि त्याचीच ही घाण. खाली पिसं टाकत, जणू वर कुणीतरी कबुतर सोललं. मग समोरच्या रस्त्यावर गाडी लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी दुर्बीण डोळ्याला लावून बसत.

अगदी वर, टाकीभोवतीच्या कठड्यावर, कडीवाल्याने एक स्पीकर ठेवला होता. त्यातून ससाण्याच्या पिल्लांचा भुकेला आवाज यायचा. मागे एका वर्षी खऱ्या कपारीजवळ त्याने तो टिपला होता. टिपताना शेवटी त्यालाच खोकला आला, आणि तो काढून टाकायचा त्याने आळस केला. त्यामुळे पिल्लं ओरडायची, ओरडायची आणि मग एकदम पुरुषी आवाजात खोकायची. “पिल्लाला सर्दी झालीय, वाफ द्या त्याला,” असं कार्यालयात बाईंना रोज कुणीतरी ऐकवायचं. बाई हसायच्या. खालून ऐकणाऱ्याला वाटायचं, आवारात कोणी पहारेकरी असेल.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. त्याला कार्यालयात अंडीवाला म्हणत. नीट इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, आणि घरी काचेच्या कपाटात दुर्मीळ पक्ष्यांची फुंकून रिकामी केलेली अंडी. काही वर्षांपूर्वी, ही जोडी दुसऱ्या एका कड्यावर असताना, त्याने तिथल्या कपारीतली सगळी अंडी उचलली होती. त्यानंतर ससाण्याची मादी रिकाम्या खडीवर बसून राहिली होती, पोटाखाली काहीच नसताना, उन्हात, चोच उघडी टाकून. बाईंनी ते दुर्बिणीतून पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांना खोटं बोलताना कधी अडखळायला झालं नाही.

घरच्यांनाही त्यांनी टॉवरच सांगितला होता. घरचे म्हणजे एकटा धाकटा भाऊ. लग्नसमारंभांचे फोटो काढायचा, तो धंदा बसला, तेव्हापासून बहिणीकडे राहत होता. मनाने निर्मळ, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. त्याला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत चौकात पोचायची. बाईंनी त्याला टॉवर सांगितला तो त्यासाठीच.

२

त्या वर्षी अंडी फुटून पिल्लं बरीच मोठी झाली होती. एका सकाळी बाईंनी नेहमीसारखा चुना सोडला, पिसं टाकली आणि शिडीवरून उतरताना वरचा आवाज ऐकला. किरकिर, किरकिर, मग खोकला. सगळं ठीक आहे, असं मनाशी म्हणून त्या निघाल्या.

कार्यालयात पोचल्या तर कडीवाल्याच्या टेबलावर तो स्पीकर पडलेला. पाठ उघडी, वायरी बाहेर.

“हा कधी आणलास?” बाईंनी विचारलं.

“झाले की बरेच दिवस. बॅटरी फुगलीय त्याची. तुम्हाला बोललो नाही का?”

“मग तिथे दुसरा लावलास?”

“दुसरा कुठला आणू? हा एक मिळवताना साहेबांच्या नाकी नऊ आले होते.”

बाई खुर्चीत बसल्या. बॅगेतून डबा काढला, परत आत ठेवला. “अरे, पण आत्ता ओरडत होती तिथे.”

“कोण?”

“पिल्लं.”

कडीवाला स्क्रू पिळत होता, तो थांबला. मग त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे खरंच कुणीतरी बसलं तिथे? दुसरी जोडी? बाई, तुमच्या तोंडात साखर पडो.”

बाईंना तेवढाच आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी खोकलाही ऐकला होता.

दोघं तडक टॉवरखाली गेले. आवारात ऊन होतं, गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. कडीवाल्याने दुर्बीण लावून कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. रिकामा. आकाशातही काही नव्हतं. कावळेसुद्धा नव्हते. एरवी त्या आवारात कावळ्यांचा बाजार भरलेला असायचा.

मग आवाज आला. किरकिर, किरकिर, आणि खोकला.

कडीवाल्याने दुर्बीण खाली घेतली. “हा मी आहे,” तो म्हणाला.

“साळुंकी असेल. साळुंक्या नक्कल करतात.”

“करतात ना. पण साळुंकीची छाती केवढी? हे जे खोकतंय त्याची छाती मोठी आहे, बाई. नीट ऐका.”

बाईंनी ऐकलं. पोकळ टॉवरमुळे घुमत असेल, असं त्यांना वाटलं, आणि तसं त्या बोलल्याही. कडीवाल्याने मान हलवली. त्याची नजर भिंतीवर गेली होती. अर्ध्यावरच्या खिडकीपासून खाली बाईंचे चुन्याचे ओघळ होते, वाळलेले. पण खिडकीच्या वर, थेट कठड्यापासून, तसेच ओघळ उतरले होते. बाईंचा ब्रश तिथवर पोचतच नव्हता. आणि ते ओले होते.

“पिसं कुठे आहेत?” कडीवाल्याने विचारलं.

सकाळीच टाकलेली पिसं जमिनीवर नव्हती. एकही नव्हतं.

३

त्यानंतर कडीवाला टॉवरकडे फिरकला नाही. पाठ धरलीय, म्हणाला. बाई मात्र जात राहिल्या. खोटं घरटं रोज राखावं लागतं. एक दिवस चुकला, की कुणाच्या तरी लक्षात येतं.

मग अंडीवाला आला. फाटकासमोरच्या झाडावर कार्यालयाने एक छोटा कॅमेरा लपवला होता, त्यात तो दिसला. भर दुपारी त्याने गाडी लावली, डोक्यावर हेल्मेट चढवलं, खांद्याला कापूस भरलेली पिशवी अडकवली आणि घरात शिरावं तसा टॉवरच्या दारातून आत गेला. बाईंनी ते चित्रण साहेबांच्या खोलीत पाहिलं. त्यांच्या ओठांवर हसू होतं. चढ मेल्या, त्या मनात म्हणाल्या, चढ. वर तुझ्यासाठी शेण ठेवलंय.

चित्रण पुढे सरकवलं. दुपार सरली, सावल्या लांबल्या. दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली. अंडीवाला बाहेर आला नाही. त्याची गाडी तिथेच उभी राहिली, काचेवर धूळ साचत.

“पडला असेल आत,” कडीवाला म्हणाला. “साहेब, पोलिसांना कळवायला हवं.”

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. भला माणूस होता, पण हिशेबी. “कळवलं, तर ते विचारणार की तिथे कॅमेरा का. मग टॉवर खोटा हे बाहेर येणार. वर्तमानपत्रात येणार. आणि टॉवर खोटा म्हटल्यावर खरं कुठे, हे शोधायला दहाजण निघणार. पिल्लं कधी उडतील, बाई?”

“आठवड्याभरात.”

“मग आठवडाभर आपण काही पाहिलेलं नाही.”

“आणि तो जिवंत असला तर?” कडीवाल्याने विचारलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना ती मादी आठवली, उघड्या चोचीची. “त्याने कधी विचार केला होता का?” त्या म्हणाल्या.

कडीवाला उठून बाहेर गेला. त्याच्या खोकल्याचा आवाज बोळातून लांबपर्यंत येत राहिला, आणि साहेब आणि बाई एकमेकांकडे न बघता तो संपायची वाट पाहत बसले.

४

दुसऱ्या सकाळी टॉवर गप्प होता. किरकिर नाही, काही नाही. बाईंना वाटलं, संपलं. जे काय होतं ते उडून गेलं. त्यानंतरच्या सकाळीही शांतता. तिसऱ्या सकाळी त्या दारातून आत शिरल्या, आणि वरून ओरडणं सुरू झालं.

तळाशी पंपाची खोली होती. गंजलेले दोन पंप, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, खुंटीला कुणा कामगाराचा विसरलेला शर्ट. तिच्यापलीकडे शिडी सुरू व्हायची आणि अंधारात वर निघून जायची. एरवी तिथे गंजाचा वास असायचा. त्या दिवशी ओल्या चुन्याचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी, गोडसर.

किरकिर, किरकिर. खोकला. आणि मग माणसाचा स्वच्छ, सुसंस्कृत आवाज: “कोण आहे?”

बाईंनी शिडी धरली. म्हणजे जिवंत आहे. पाय मोडून वर पडलाय. त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची चीड आली.

“मी कार्यालयातली,” त्या वर तोंड करून म्हणाल्या. “लागलंय का तुम्हाला?”

“कोण आहे?”

“हलता येतंय का?”

“कोण आहे?”

तोच स्वर, तीच ‘आहे’वरची छोटीशी लकेर. प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्यांदा विचारताना जरा जोरात विचारतो, चिडतो, रडतो. हा आवाज तसं काही करत नव्हता. तो पाठ केल्यासारखा तेवढाच येत होता. मग खोकला झाला, आणि खोकल्यानंतर ‘कोण आहे’, आणि त्याला जोडूनच किरकिर, सगळं एकाच गळ्यातून.

शिडीच्या पायऱ्यांना हलका कंप जाणवला. वर कुणीतरी आपला भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेत होतं.

बाई मागे न वळता, उलट्या पावली चालत बाहेर आल्या. गाडीत बसून त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस शुद्धीत नसला की तेच तेच बोलतो. ताप चढला की बरळतो. म्हणजे तो जिवंत आहे आणि आजारी आहे, एवढंच. हे स्पष्टीकरण पटलं, तर त्याला तिथे सोडून जाणं म्हणजे खून होता. तरी त्यांनी तेच धरून ठेवलं, कारण दुसरं जे होतं ते याहून वाईट होतं. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि खाणीकडे गेल्या. त्या दिवशी चुना सोडायचं राहिलं. तशी गरजही दिसत नव्हती.

५

“ताई, सगळं शहर टॉवरबद्दल बोलतंय, आणि मी तुझा सख्खा भाऊ घरात बसून बटाटे सोलतोय,” धाकटा संध्याकाळी म्हणाला. “एक फोटो काढू दे. एकच. पिल्लांचा जवळून फोटो मिळाला तर माझं नाव होईल. पुन्हा उभा राहीन मी.”

“पिल्लं मेली,” बाई म्हणाल्या.

तो सोलायचा थांबला. “कधी?”

“काल. रोग पडला. तू तिकडे जायचं नाहीस, लागण होते.”

धाकट्याने बहिणीकडे निरखून पाहिलं आणि हसला. “खोटं बोलताना तू कानामागे केस सारतेस. लहानपणापासून.”

बाईंनी हात खाली घेतला. “तिथली शिडी कुजलीय. ऐक माझं.”

“आधी रोग, मग शिडी. एक काहीतरी ठरव.” पुढे त्याचा आवाज बदलला. “ताई, तू मला कधी काही खरं सांगितलंस का गं? बाबांचं आजारपणसुद्धा मला शेवटी कळलं. मी बडबड्या आहे, मान्य. पण घरात असं परक्यासारखं वागवतेस ना, ते लागतं.”

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिथे घरटं नाही रे. खरं घरटं खाणीमागे आहे. एवढं एक वाक्य, आणि हा त्या बाजूला पाऊल टाकणार नाही. पण उद्या दुपारी ते चौकात पोचेल, आणि अंडीवाल्याचे भाईबंद काही कमी नव्हते.

“पिल्लं उडाली की तुला सगळं सांगेन,” त्या म्हणाल्या. “चार दिवस कळ काढ.”

“बरं,” तो म्हणाला आणि पुढचा बटाटा उचलला. इतक्या लवकर तो कधी ऐकत नसे. बाईंना ते खटकलं, पण त्या दमल्या होत्या.

६

पिल्लं उडण्याची सकाळ वाऱ्याची होती. बाई कड्यासमोरच्या लपणात, म्हणजे गोणपाटाच्या छोट्याशा खोपटात, दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. कपारीच्या अगदी टोकाला एक पिल्लू पंख उघडून उभं होतं. खाली बघायचं, पंख फडफडवायचं, मागे सरायचं.

फोन थरथरला. धाकटा.

“ताई, रागावू नकोस. मी टॉवरच्या आत आहे.” त्याचा आवाज घुमत होता. “आवाज येतोय गं. पिल्लं जिवंत आहेत. तू मला फसवलंस.”

बाईंनी दुर्बीण डोळ्यावरून काढली. “बाहेर ये,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

“घाबरू नको, एकटा नाही मी. एक गृहस्थ भेटले चौकात, त्यांनाही पक्ष्यांची फार आवड. त्यांचे एक मित्र इकडे आले होते, त्यांचा पत्ता नाही, म्हणून काळजीत आहेत बिचारे. दोर, टॉर्च, सगळं आणलंय त्यांनी. थांब, फोन स्पीकरवर टाकतो, हात मोकळे हवेत.”

खरखर झाली. मग लांबून दुसरा एक पुरुषी आवाज: “नमस्कार, ताई. तुमच्याबद्दल फार ऐकलंय.”

बाईंना कळलं, हा कोण ते. अंडी उचलणारे एकटे नसतात. एक चढतो, एक खाली उभा राहतो.

“तिथे काही नाही,” त्या म्हणाल्या. “तो टॉवर रिकामा आहे. आवाज खोटा आहे, आम्ही लावलेला. तू खाली ये.”

“रिकामा?” दुसरा आवाज म्हणाला. “मग खरं कुठे आहे, ताई?”

“हो, सांग ना ताई,” धाकटा हसत म्हणाला. “खरं कुठे ते सांग, लगेच उतरतो. नाहीतर मी समजणार की तू पुन्हा कानामागे केस सारतेयस.”

समोर पिल्लू पुन्हा कपारीच्या टोकाशी आलं होतं. त्याच्यामागे त्याची भावंडं दाटीवाटीने उभी होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं. खाणीपर्यंत गाडीने यायला कितीसा वेळ लागतो. बाईंच्या तोंडात शब्द होते. ‘खाणी’ एवढं तरी नक्कीच आलं होतं. त्यांनी ते गिळले.

फोनमधून, धाकट्याच्या आवाजाच्या खूप वरून, किरकिर आली. मग खोकला. मग “कोण आहे?”

“अरे, हा तर त्यांचाच आवाज,” दुसरा माणूस म्हणाला. “वर आहेत ते. चला, चला.”

“ताई?” धाकटा म्हणाला. “जाऊ ना?”

बाईंनी डोळे मिटले. “शिडी गंजलीय,” त्या हळू म्हणाल्या. “जपून चढ, राजा.”

लहानपणी त्या त्याला राजा म्हणत. कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं. तो खूश झाला असावा; त्याचं हसू ऐकू आलं, पायऱ्यांचा ठणठणाट ऐकू आला. तो लांब लांब होत गेला. मग वरून काहीतरी एकदम खाली सरकलं, आणि फोन कुठेतरी दगडावर आपटून बंद झाला.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा कपारीचं टोक रिकामं दिसलं. पिल्लू वाऱ्यावर होतं. वेडंवाकडं, पडतंय की उडतंय ते न कळण्यासारखं, पण हवेत होतं. आईबाप त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. इतकं सुंदर काही बाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्या शेवटपर्यंत पाहत बसल्या.

७

टॉवरपाशी त्या पोचल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. फाटकाशी धाकट्याची स्कूटर उभी होती, हँडलला त्याची टोपी. त्या आत गेल्या नाहीत. भिंतीपासून लांब, गवतात उभ्या राहिल्या. सगळं शांत होतं, जेवण झाल्यावर घर शांत होतं तसं.

“राजा,” त्यांनी हाक मारली.

कठड्यावर काहीतरी हललं. आधी त्यांना वाटलं, वाऱ्याने पिसं उडाली. पण पिसं एकत्र उठली आणि एकत्र बसली. त्यांचीच पिसं होती, कोंबडीच्या दुकानातली पांढरी, चुन्यात भिजवून कशाला तरी चिकटवलेली, काही उलटी, काही आडवी. माणसापेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या आत वाकून बसलं होतं. पिल्लू कधी पाहिलेलंच नाही, नुसतं त्याच्याबद्दल ऐकलंय, असं कोणी पिल्लू होऊ पाहील तर असंच होईल. चोचीच्या जागी त्याने एक फट केली होती. ती उघडली.

त्यांनी मान फिरवली. पुढचं त्यांना बघायचं नव्हतं. पण ऐकणं त्यांच्या हातात नव्हतं.

वरून अगदी हळू, मायेने, त्यांचाच आवाज आला:

“जपून चढ, राजा.”

८

पोलीस आले, अग्निशमनचे लोक आले. दोर आणि दिवे घेऊन एक जवान थेट टाकीपर्यंत चढला आणि उतरून म्हणाला, वर काही नाही, नुसता ओला चुना आहे. टाकीतला गाळ उपसला, त्यातही काही मिळालं नाही. तीन माणसं गेली ती गेलीच. दाराला पत्रा ठोकला, तो भंगारवाल्यांनी पळवला. बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, भावाला फोटोंचा नाद होता. केस सारायला हात उठला नाही.

कडीवाल्याने नोकरी सोडली. साहेबांना वरून शाबासकी आली, कारण त्या वर्षी सगळी पिल्लं उडाली होती. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून हळूच विचारलं, “पुढच्या वर्षीही टॉवरच ठेवायचा ना?” बाई म्हणाल्या, “ठेवू.”

पावसाळाभर टॉवर गप्प होता. थंडी सरता सरता त्याला पुन्हा भूक लागली. आधी किरकिर. मग खोकला. मग बाकीचे आवाज एकामागून एक, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्याने, धाकट्याचा: “ताई? जाऊ ना? ताई?” बाईंच्या खोल्या कारखान्यापासून चांगल्याच लांब होत्या. तरी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहिलं, की ऐकू यायचं. खिडकी लावली, रेडिओ लावला, नळ सोडून ठेवला. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, मला बाई काहीच येत नाही ऐकू. “ताई? जाऊ ना?” दिवसदिवस, तोच हसरा स्वर. त्यात कधी दुखणं यायचं नाही, कधी राग यायचा नाही. बाईंची झोप गेली, अन्न गेलं, अंगावरचे कपडे ढगळ झाले.

एका सकाळी त्या कार्यालयाजवळच्या कँटीनमध्ये चहा घेत बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर एक शिक्षिका होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, पट्ट्याला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच. बाईंच्या गळ्यातली दुर्बीण पाहून त्या सरकून जवळ आल्या. मनमोकळ्या होत्या. नवरा परगावी, इथे ओळखपाळख नाही, म्हणून हा छंद लावून घेतलाय, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

“मला सांगा ना,” त्या म्हणाल्या, “ते जुन्या टॉवरवरचं घरटं, ते खरं आहे का हो? कुणी म्हणतं आहे, कुणी म्हणतं नाही.”

बाई कपातल्या चहाकडे बघत होत्या. कानात तो आवाज चालूच होता.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या.

“मला बघायला मिळेल? मी अगदी लांबून बघेन. त्रास नाही देणार त्यांना.”

“लांबून काही दिसत नाही. मागचं फाटक उघडं असतं, तिथून जा. आत शिडी आहे.” बाईंनी कप खाली ठेवला. “दुपारी जा. तेव्हा पिल्लं एकटीच असतात, आई बाहेर गेलेली असते.”

शिक्षिकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. बाईंनी दोघींच्या चहाचे पैसे दिले आणि त्या खाणीकडे निघाल्या.

दुपारी, कड्यासमोर बसल्या असताना, आवाज थांबला. बाईंनी डबा उघडला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या.